बघणारीची गाठ

कुशा,

तुझ्या पायात काटा गेलाच नव्हता. हे मला तू गेल्यावर कळलं. तेही तुझ्या शाळेतल्या वैशालीकडून, टेंभुर्णीच्या स्टँडवर, काळीपिवळी भरायची वाट बघत असताना.

तो रविवार तुला आठवत असेलच. बंद पडलेल्या खदानीच्या भिंतीवर मी जवळजवळ वरपर्यंत पोचले होते. दोराचं एक टोक माझ्या कमरेच्या हार्नेसला, दोर वरच्या कडीतून फिरून खाली आलेला, आणि खालची बाजू तुझ्या हातात. इतक्या वर्षांत दुसरं काही असायचंच नाही. मला डावीकडं सरकायचं होतं म्हणून मी हाक दिली, "कुशा, ढील दे." दोर तसाच ताठ. पुन्हा हाक दिली. खाली बघितलं तर तू मातीत बसलेली, डोकं गुडघ्यांत, आणि तुझ्यामागं उभी असलेली वैशाली दोराचं मागचं टोक दोन्ही हातांनी आवळून धरून राहिलेली.

"काय झालं गं?"

बऱ्याच वेळानं तू मान वर केलीस आणि हसलीस. "काही न्हाई. पायात काटा गेला."

मला खाली वैशालीनं उतरवलं. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी उतरले ती तुझ्यापुढं बसले, तुझा बूट काढला, तुझा पाय मांडीवर घेतला आणि ओढणीची पिन काढून काटा शोधू लागले. तुझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी विचारलं तर म्हणालीस, "ऊन किती हाये बघ की." मी तळवा दाबून बघितला, बोटांच्या बेचक्यांत बघितलं. टोचल्याची खूणसुद्धा नव्हती. "निघाला वाटतं," तू म्हणालीस. आणि मला बरं वाटलं. मी तुझा तळपाय माझ्या ओढणीनं पुसला, कुशा. आणि तू पुसू दिलास.

लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी काय करू? रडायला बसते आणि तो पाय आठवतो.

तुला शाळेतले सगळे खेळाच्या मॅडम म्हणायचे. मी आपली जाफराबादच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरमागची शाहीन. मुलींना चढाई शिकवायची म्हणून शाळेनं तुला सह्याद्रीतल्या एका शिबिराला पाठवलं, आणि एकटी जायचं नको म्हणून तू मला ओढून नेलंस. शिकवायचं शाळेत पुढं काही जमलं नाही. पण आपल्या दोघींना मात्र ते लागलं. आपल्या सपाट मुलखात कडे कुठले? मग तू ती खदान शोधलीस. सुरुंगांनी कापून काढलेली काळ्या दगडाची भिंत, खाली पावसाळ्यात साचलेलं पाणी, वर बाभळी. शेजारच्या शेतातल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. नंतर त्याच आपल्याला विचारायच्या, "आज उशीर केला व?"

घरी अम्मीला तयार करणं माझ्यानं झालं नसतं. ते तू केलंस. ईदच्या दुसऱ्या दिवशी आलीस, वाटीभर शीरखुर्मा संपवलास, आणि अम्मीनं विचारलं, "बेटा, ये गिर गई तो?" तर तुझ्या त्या मोडक्या हिंदीत म्हणालीस, "खाला, आप बिलकुल फिकर नक्को करो. दोर मेरे हाथ में रहेगा." अम्मीनं तुझ्याकडं नीट बघून घेतलं आणि मान हलवली. त्या एका वाक्यावर अम्मीनं मला सोडलं, कुशा. मीही त्याच वाक्यावर चढत राहिले.

आता गाठीचं. आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलंय.

शिबिरात आपल्याला दोन्ही गाठी शिकवल्या होत्या. तुझी आठची. दोरात आधी इंग्रजी आठचा आकडा करायचा, टोक हार्नेसच्या दोन्ही पट्ट्यांतून ओवायचं आणि त्याच वाटेनं माघारी फिरवायचं. सगळीकडं दोन-दोन पदर शेजारी शेजारी. आणि माझी बोलाइन. एक वेढा, त्यातून टोक वर, मागच्या दोराला वळसा घालून परत खाली. मला ती आवडायची कारण ती झटक्यात बांधून होते, आणि दोरावर कितीही लोंबकळलं तरी उतरल्यावर बोटाच्या एका दाबानं सुटते. तुझी आठची वजन पडलं की अशी आवळून बसायची की सोडवताना नखं मोडायची. आठवडाभर त्याच बोटांनी मला गोळ्यांची पाकिटं कापायची असायची.

तुझं म्हणणं वेगळं होतं. ढिल्या दोरात घासत राहिली की बोलाइन सैल पडू शकते, म्हणून तिच्या शेपटाला आणखी एक गाठ लागते, हे तर तू सांगायचीसच. पण तुझा खरा मुद्दा तो नव्हता. तू म्हणायचीस, "गाठ बांधणारीच्या सोयीची नसावी. बघणारीच्या सोयीची असावी. आठची मला चार हातांवरून दिसती, बरोबर हाये का चूक. तुझ्या गाठीत मला डोकं घालून बघावं लागतं."

"मंग घाल की डोकं," मी म्हणायचे.

आणि तू घालायचीस. प्रत्येक वेळी. चढायच्या आधी मी समोर उभी राहायचे आणि तू माझ्या कमरेशी वाकून, बोट फिरवत एकेक पदर बघायचीस. मग मी तुझी बघायचे. हा आपला नियम होता. एकमेकींना दाखवल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मला त्या नियमाचं काय वाटायचं ते तुला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात, दुकानात, गावात मला कुणी इतकं लक्ष देऊन कधी तपासलेलं नव्हतं, आणि मीही कुणाला.

मग मागच्या हिवाळ्यातला तो रविवार. मी बोलाइन बांधली आणि तुझ्यापुढं उभी राहिले. तू वाकलीस. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलीस. मग ताठ होऊन म्हणालीस, "सोड ती. आजपासून आठचीच. न्हाईतर मी दोर धरणार न्हाई."

मला वाटलं चेष्टा करतेस. तुझा चेहरा बघितला तर चेष्टा नव्हती.

"चुकलं काय तिच्यात?"

"काय चुकलं न्हाई. आठची बांध."

"इतकी वर्षं तूच बघून राह्यली ना माझी गाठ?"

"बघून राह्यले म्हणूनच सांगते."

एवढंच. मी हार्नेस काढला, पिशवीत कोंबला आणि तडक रस्त्याला लागले. तू मागून हाक मारली नाहीस. पुढचे काही रविवार मी आलेच नाही. मला वाटलं तुला माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही. दुकानात बसून मी बांधणीच्या सुतळीवर बोलाइन बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. चूक कुठं होते ते शोधायचे. चूक सापडत नव्हती, म्हणून वाटायचं, मला दिसतच नसेल, तिला दिसली.

मग एक दिवस तू दुकानात आलीस. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणालीस, "खोकल्याच्या गोळ्या दे." तुला खोकला नव्हता, मला माहीत होतं. मी गोळ्या दिल्या. तू एक तिथंच फोडून तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "येती का रविवारी?" मी आले. आणि आठची बांधली. तू लांबूनच बघितलंस, मान हलवलीस, आणि आपलं सगळं पुन्हा सुरू झालं. मी समजले, मैत्रीसाठी मी एक गाठ सोडली. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

तू त्या दिवशी माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या घेतल्यास, कुशा. हृदयाच्या गोळ्या जालन्यातून आणायचीस.

तू रात्री झोपेतच गेलीस, आणि तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. बाहेर पुरुष बसले होते, तुझ्या सासूबाई आत बायांमध्ये. मी दारात चपला काढत होते तेवढ्यात दाजी, तुझे यजमान, उठून आले. एवढा मोठा माणूस, पण दोन दिवसांत खांदे उतरले होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शाहीनताई, तुम्ही तरी थांबवायचं होतं तिला."

मला वाटलं माणूस दुःखात बोलतोय. मी म्हटलं, "कशाला थांबवायचं, दाजी?"

"ठोके चुकतात तिचे, डोळ्यांपुढं अंधारी येती, हे तुम्हाला माहीत असून तुम्ही तिला खदानीत नेत होत्या. मी न्हाई म्हणत होतो. तर म्हणायची, शाहीनला सगळं सांगितलंय. तिचं मेडिकल हाये, तिला बराबर समजतं. गोळ्या तीच देती, ती सोबत असली की काही होत न्हाई. तुमच्या भरवशावर मी गप बसलो हो."

आतल्या बाया दारातून वाकल्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तुझ्या सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तशीच उलट्या पावली फिरले, आणि चपलाही नीट घातल्या नाहीत.

वैशाली माझ्यामागं पळत आली. तुझ्या शाळेत विज्ञान शिकवणारी, अबोल वैशाली. उन्हाळ्यानंतर तू तिला खदानीत आणायला लागलीस, "तिलाबी शिकायचंय" म्हणून. शिकायचं म्हणून ती एकदाही कमरेच्या वर चढली नाही. नुसती तुझ्यामागं उभी राहून दोराचं मागचं टोक धरायची. मी म्हणायचे, हिला इतकी कसली भीती?

स्टँडवर पोचेपर्यंत ती माझ्याबरोबर चालत राहिली. मग बाकावर बसून म्हणाली, "शाहीन, मला तिनं पोरांची शपथ घातल्ती."

"तुला माहीत होतं?"

"मागच्या हिवाळ्यात शाळेत पडल्ती ती. प्रार्थना संपली आन् आफिसात येऊन खाली कोसळली. मी होते म्हणून समजलं. जालन्याच्या डॉक्टरनं छातीत मशीन बसवायला सांगितल्तं. ती आधी म्हणे उन्हाळ्यात बघू, मंग म्हणे दिवाळीच्या सुट्टीत."

"आन् त्या रविवारी? काटा?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काटा कुठला. शुद्ध गेल्ती तिची. तुझा दोर माझ्या हातात होता."

मग तीच पुढं म्हणाली, "मी तिथं कशाला येत होते वाटलं तुला? मला गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरतं."

काळीपिवळी भरली. मी वैशालीशी न बोलता गाडीत बसले. जाफराबादपर्यंत मी एकेक गोष्ट लावत गेले. मागच्या हिवाळ्यातच तू माझी गाठ सोडायला लावलीस. माझ्या गाठीत काही चुकलेलं नव्हतं. वाकलीस की तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि बोलाइनचे पदर तुला मोजता येत नव्हते. आठची लांबून, उभ्यानं दिसते. मग तू ते नवीन साधन आणलंस, दोराला झटका बसला की आपोआप आवळून धरणारं. "जुनं झिजलं," म्हणालीस. मग वैशालीला आणलंस. माझा जीव जाऊ नये म्हणून तू एकामागून एक तजवीज करत गेलीस. गाठ बदललीस, साधन बदललंस, मागं माणूस उभं केलंस. कुणी कुणासाठी इतकं करत नाही, हे मला समजतं. आणि या सगळ्याच्या जागी एक वाक्य पुरलं असतं.

माझ्या गाठीत बोट घालून बघायचा हक्क मी तुला दिला होता. तू मला तुझी गाठ दाखवायचीस तेव्हा खरं काय ते झाकून उभी राहायचीस. आणि तू वर चढायचीस तेव्हा खाली मी असायचे. वर तुझी शुद्ध गेली असती तर मी काय समजले असते? मी खालून ओरडत बसले असते, "आळस करू नको, पाय टाक." मी तसं ओरडलेही असेन. आता ते आठवून बघायची हिंमत होत नाही.

आणि वैशालीला सांगितलंस. दाजींना सांगितलंस. माझ्या नावानं सांगितलंस. फक्त मला नाही.

आठवडाभर मी विचार करत राहिले की दाजींना खरं सांगावं का. खरं सांगितलं तर त्यांना कळणार, बायको शेवटपर्यंत खोटं बोलली. नाही सांगितलं तर तुझ्या घरात मी कायमची अशी बाई, जिला माहीत होतं आणि जी गप्प राहिली. अम्मीनं विचारलं, "मुँह क्यों उतर गया तेरा?" तिला मी काही सांगितलं नाही. ती अजून नमाजनंतर तुझ्यासाठी दुआ मागते. ते तुटायला नको वाटलं. पण दाजींच्या बाबतीत मी ठरवलं की तुझं खोटं मी पुढं ओढणार नाही. ते तुझं होतं.

मी गेले तेव्हा ते अंगणात एकटे होते, सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होते. मी दुसरं टोक धरलं. ताडपत्री घातली, कडेला दगड ठेवले, आणि मग उभ्याउभ्याच म्हटलं, "दाजी, मला काही माहीत नव्हतं. मला तिनं कधीच सांगितलं न्हाई. माझ्या दुकानातून तिनं हृदयाची एकबी गोळी नेली न्हाई."

ते खाली बसले, पोत्याला पाठ लावून. हात पुसत राहिले.

"म्हणजे माझ्याशीबी खोटंच."

"हो."

"डॉक्टर काय म्हणला ते मी ऐकल्तं. पण ती म्हणायची, शाहीन असती ना. मी म्हटलं, समजणारं माणूस हाये सोबत." मग म्हणाले, "त्या दिवशी मी चारचौघांत बोललो तुम्हाला."

"तुम्ही तिचं ऐकून बोललात."

"तरी बोललोच ना."

त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. पाणी तुझ्या सासूबाईंनी स्वतः आणून दिलं. त्यांनी दारातून ऐकलं असावं. पेला परत घेताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आत गेल्या.

मग दाजींनी विचारलं, खाली बघतच, "एक सांगा. तिनं तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही दोर दिला असता तिच्या हातात?"

"न्हाई," मी म्हटलं. विचार न करता.

"म्हणून सांगितलं न्हाई तिनं," दाजी म्हणाले.

येताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मध्ये एकदाच बोलले. मला विचारलं की भिंतीच्या माथ्यावर पोचल्यावर तू काय करायचीस. मी खरं ते सांगितलं, की तू तिथं बसून दोन्ही बूट काढायचीस, आणि खालून मी कितीही बोलावलं तरी उतरायची घाई करायची नाहीस. ते जरा हसल्यासारखे झाले. म्हणाले, "घरात कधी बसलेली बघितली न्हाई मी."

वैशालीनं निरोप पाठवलाय, रविवारी खदानीत येतेस का म्हणून. दोर तिच्याकडंच आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्यावरचा माझा राग तुझ्यावरच्याइतका मोठा नाही, पण आहे. जाईन बहुतेक. गेले तर आठचीच बांधीन, कारण दोर धरणारी आता ती असेल आणि तिला नवशिक्या डोळ्यांनी लांबून दिसलं पाहिजे. म्हणजे त्या भांडणात तुझंच बरोबर होतं, आणि तू ते बरोबर असण्याचं कारण मला सांगितलं नाहीस, म्हणून ते जिंकल्याचा आनंद मी तुला देणार नाही.

पण दाजींना मी जे "न्हाई" म्हटलं, त्याच्यावर मला तुझ्याशी बोलायचंय. ते खरं होतं. तुझ्या हातात मी माझा दोर दिला नसता. अम्मीची शपथ, दिला नसता. तुला हे माहीत होतं आणि तू समजलीस की मग सगळंच संपलं, रविवार, खदान, मी. तिथंच तू मला ओळखलं नाहीस. मी चढले नसते, एवढंच झालं असतं. तू पायथ्याच्या दगडावर बसली असतीस आणि मी शेजारी बसले असते. तू मशीन बसवून घेतलं असतंस, कारण मी तुला ओढत जालन्याला नेलं असतं, दिवाळीची वाट बघितली नसती. आणि मग डॉक्टर हो म्हणाले असते त्या दिवशी, पहिल्यांदा तू वर गेली असतीस, आणि दोर मी धरला असता.

शाहीन